अंगावर चौघे आले तर: कुस्ती की ठोसा?

कुस्तीवाले आणि कराटेवाले यांचा वाद काही नवा नाही, पण आमच्या पाबळात तो हल्ली पारावर येऊन बसला आहे. कारण मोबाईल. पोरं पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघतात, एक-दोघे पुण्याला जाऊन बॉक्सिंगही शिकून आले आहेत, आणि मग संध्याकाळी जुन्या तालमीतल्या माणसांना डिवचतात. "आबा, तुमचा पैलवान पट काढायला वाकला ना, की गुडघा थेट तोंडावर." त्यावर जुनी माणसं म्हणतात, "एकदा मिठी बसू दे बाळा, मग बघू तुझा गुडघा." मी शिक्षक माणूस. जन्मभर मराठी शिकवलं. खेळाशी संबंध आला तो शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असली की कबड्डीचा संघ माझ्या गळ्यात पडायचा तेवढाच. पण वादात तोंड घालायची खोड निवृत्तीनंतर वाढलीच आहे, हे आमच्या घरातले तुम्हाला सांगतील.

परवा प्रश्न निघाला तो जरा निराळा होता. एकाशी एक नव्हे, एकट्या माणसावर तीन-चार जण चालून आले तर कोणती विद्या कामाची? धरण्याची की मारण्याची? मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते चहा प्यायला मोकळे. एकास एक असेल तर मी माझे पैसे पैलवानावर लावीन. समोर दुसरा माणूस उभा राहिला की पैलवानाने आपली अर्धीच कुस्ती वापरावी, उरलेली आखाड्यात ठेवून यावी.

एकास एक पैलवान का जिंकतो, हे समजणं अवघड नाही. ठोसा मारायला हात लांबवायला जागा लागते. माणूस अंगाला भिडला की ती जागाच संपते. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९९३ साली एक स्पर्धा भरवली होती, कोणती विद्या श्रेष्ठ हे ठरवायला. ब्राझीलचा रॉयस ग्रेसी नावाचा सडपातळ गडी त्यात उतरला. त्याच्या घराण्यात ही विद्या एका जपानी जुदोवाल्याकडून आलेली. त्याने एका रात्रीत तिघांना हरवलं, एक मुष्टियोद्धा, एक लाथा-बुक्क्यांत तरबेज आणि एक धरपकडवालाच. जगभरच्या कराटेवाल्यांची झोप त्या रात्रीने उडवली म्हणतात. आमचे पारावरचे पैलवान हे ऐकून खूश झाले. पण मी त्यांना विचारलं, तिघांना हरवलं खरं, पण तिघे एकामागून एक आले होते ना? पहिल्याशी झटापट चालू असताना दुसरा कुंपणावरून उडी मारून आत आला असता तर? यावर कोणी बोललं नाही. एकाने तंबाखू मळायला घेतली.

कुस्तीचा विचार करा. आखाड्याची माती मऊ केलेली असते, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय घातलेलं असतं. पंच असतो. प्रतिस्पर्धी सलामी देऊन येतो. आणि जिंकायचं म्हणजे काय, तर समोरच्याची पाठ जमिनीला लावायची. ती लावताना जिंकणाराही खालीच असतो, त्याच्या छातीवर. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंद केसरी झाले, खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. ही आमच्या लहानपणची दैवतं, त्यांच्या ताकदीबद्दल कोण शंका घेईल? पण ती ताकद दोन माणसांच्या खेळासाठी घडवलेली आहे. एस.टी. स्टँडवर खडी असते, डांबर असतं, फुटक्या बाटल्या असतात, आणि चितपट झालेल्याचा भाऊ मागे उभा असतो.

आमच्या नात्यातलंच उदाहरण देतो. माझा एक चुलतभाऊ (नातेवाईक वाचक ओळखतीलच, नाव घेत नाही, त्याला आवडत नसे) तरुणपणी पंचक्रोशीतल्या जत्रांतून कुस्त्या मारायचा. नारळापासून सुरुवात करून शेवटच्या कुस्त्यांपर्यंत पोचलेला गडी. एकदा बैलबाजारातून परतताना दलालीवरून बाचाबाची झाली. समोर तिघे. त्यातल्या दांडग्याला दादाने ढाक मारली, अशी सुरेख की बघणाऱ्यांनी वाहवा केली असती. तो खाली, दादा त्याच्या उरावर. तेवढ्यात दुसऱ्याने बैलगाडीची शिवळ उपसली आणि मागून खांद्यावर घातली. दादाचा उजवा हात पुढे कधीच पुरता वर गेला नाही. त्याची कुस्ती तिथे संपली. तो स्वतः म्हणायचा, "खाली गेलो नसतो तर शिवळ आली तशी दिसली असती."

दिसली असती, हाच मुद्दा आहे. माणसाला धरलं की आपले दोन्ही हात गुंततात, पाय गुंततात आणि डोळेही गुंततात. आपण त्याला धरलेलं असतं तसं त्यानेही आपल्याला धरलेलं असतं.

इतिहासाच्या पुस्तकात हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे, फक्त या नजरेने पाहिलेलं नाही. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. खानाने आलिंगनाच्या निमित्ताने महाराजांची मान बगलेत दाबली आणि कट्यारीचा वार केला. म्हणजे सुरुवात धरपकडीने झाली, आणि त्यात उंची आणि वजन खानाच्या बाजूला होतं. महाराजांनी काय केलं? मान सोडवून घेत कुस्ती खेळत बसले नाहीत. अंगात चिलखत होतं, त्याने वार अडवला, आणि त्यांनी जवळच्या जवळ चालणाऱ्या शस्त्राने पोट फाडून स्वतःला मोकळं केलं. आणि त्यानंतरचा क्षण आठवा. सय्यद बंडा पट्टा घेऊन धावून आला, हा दुसरा हल्लेखोर. नुकत्याच सुटलेल्या माणसावर असा दुसरा येतो तेव्हा काय गत होते? तिथे जिवा महाला होता, त्याने बंड्याचा हात वरच्या वर कलम केला. होता जिवा म्हणून वाचला शिवा, ही म्हण आपण कौतुकाने म्हणतो. पण तिच्यात या प्रश्नाचं उत्तरही आहे. एकाशी भिडलेल्या माणसाला दुसऱ्याचा वार स्वतः अडवता येत नाही. आणि आपल्या प्रत्येकाच्या मागे जिवा महाला उभा नसतो.

आता मारणाऱ्यांकडे वळतो, नाहीतर पारावरची पोरं म्हणतील सर पैलवानांनाच झोडपतात. सिनेमातला नायक आठ जणांना लोळवतो, कारण आठ जण रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट बघतात. खऱ्या आयुष्यात ते एकदम येतात, आणि त्यातला एक मागून कॉलर धरतो. मुठीने कवटीवर मारलं तर मुठीतलीच हाडं मोडू शकतात. बॉक्सर हाताला पट्ट्या बांधून वर ग्लोव्ह घालतात ते उगाच नाही. उंच लाथ मारायची तर तेवढा वेळ एका पायावर उभं राहावं लागतं, आणि एका पायावरच्या माणसाला धक्का द्यायला पैलवान लागत नाही. शिवाय दम. सरावातल्या माणसाचाही जोरात हात चालवला की अर्ध्या मिनिटात भाता वाजायला लागतो. तेव्हा ठोसेवाल्यांनीही फार फुशारकी मारू नये.

तरी चौघांपुढे मी मारणाऱ्याचं पारडं जड मानतो, आणि त्याचं कारण त्याच्या ठोशाच्या जोरात नाही. मारून झालं की त्याचा हात परत त्याचा असतो. पाय त्याचे असतात. तो पुढच्या क्षणी दुसरीकडे असू शकतो. आणि पायांना सवय असेल तर तो असा सरकत राहतो की समोरचे एकामागे एक येतात, म्हणजे पुढच्याची मागच्याला अडचण होते. ही सवय चांगल्या मुष्टियुद्धाच्या किंवा कराटेच्या शिक्षकाकडे मिळते. वाईट शिक्षकाकडे नुसत्या विटा फोडायला मिळतात.

एकाने अनेकांशी कसं वागावं याची आपल्याकडे एक उत्तम शाळा आहे, आणि ती गल्लोगल्ली आहे. तिचं नाव हुतूतू. आता कबड्डी म्हणायचं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला नेऊन दाखवली तोच हा खेळ. चढाई करणारा एकटा आणि समोर सात. आता बघा, यात धरपकड कोण करतं? ते सात जण. एकटा माणूस धरायला जातच नाही. तो हाताने शिवतो, पायाने शिवतो, मागच्या मागे लाथ फिरवतो, हूल देतो आणि परत फिरतो. त्याचं सगळं लक्ष दोन गोष्टींवर असतं: आपल्याला कोणी धरू नये आणि मधली रेषा कुठे आहे. तीस सेकंदांच्या आत घरी यायचं. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला आणि अर्धा क्षण जरी चढाईपटू थांबला, की साखळी येऊन पडते आणि वर पाच जणांचा ढीग. मी कित्येक वर्षं हे शिट्टी तोंडात धरून मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलं आहे. सात जणांत एकटा मेला तो नेहमी धरला गेल्यामुळे. (मेला म्हणजे बाद झाला. आमच्या वेळी मेला असंच म्हणायचे आणि कोणाचे पालक तक्रार करत नसत.)

पण याच मैदानावर कुस्तीचाही उपयोग दिसायचा, आणि तो मी नाकारणार नाही. आमच्या संघात तालमीत जाणारी दोन-तीन पोरं असायची. ती चढाईला गेली की पटकन सापडत नसत. घोटा धरला तरी ती पडत नसत, एका पायावर लंगडत, वाकत, समोरच्याला ओढत रेषेपर्यंत येत. कुस्तीत पट काढण्याला जशी तोड असते तशी प्रत्येक डावाला असते, आणि ती अंगात मुरलेली. पैलवानाची हीच अर्धी कुस्ती मी वर म्हणालो ती. खडाखडीतली पायांची पकड, कंबरेचा कस, मनगट पिळून सोडवणं, मागून कवळ घातली तर बूड खाली टाकून फिरणं. पाडण्याची विद्या घरी ठेवा, न पडण्याची आणि सुटण्याची बरोबर न्या. माझ्या मते ठोसा शिकणाऱ्या पोरानेही सहा महिने तालमीत जावं ते एवढ्यासाठीच. ज्याला सुटता येत नाही त्याचा ठोसा एकदा कोणी हात धरला की संपला.

आमच्या वादात एक म्हातारे वस्ताद गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, चौघांपुढे रिकाम्या हातानं जायचंच कशाला?" खरं आहे. आपल्या जुन्या लोकांनी हा प्रश्न कुस्ती की ठोसा असा कधी मांडलाच नव्हता. त्यांचं उत्तर होतं काठी, पट्टा, भाला, बोथाटी. दांडपट्टा फिरताना पाहिला आहे का? कोल्हापूरकडे मर्दानी खेळांचे आखाडे अजून आहेत. पट्टेकरी एका जागी उभा राहत नाही, तो फिरतो, उड्या घेतो, आणि त्याच्याभोवती पात्याचं एक कडं तयार होतं. ही विद्या घोळक्यासाठीच आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत कुस्तीबरोबर दांडपट्टाही शिकवत, आणि जोतीराव फुले तिथे शिकले होते. त्याच जोतीरावांवर पुढे रात्री दोन मारेकरी घालण्यात आल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. शिकलेला माणूस, पण त्याने दांडपट्टा शोधला नाही. कोणी पाठवलं, किती पैसे मिळणार, असं विचारत बसला, आणि मारायला आलेले दोघे त्याचे होऊन गेले. हे सगळ्यांना जमणारं नाही, मलाही जमणार नाही. पण विद्या अंगात असलेल्या माणसाचा आवाज कापत नाही, हेही असेल.

आणि जागा! घोडखिंड विसरून कसं चालेल. १३ जुलै १६६०. बाजीप्रभूंनी जागा निवडली ती अशी की मागे कितीही फौज असली तरी पुढे येणार मोजकेच. शिवाय त्यांना ती फौज हरवायची नव्हतीच, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतचा वेळ हवा होता. एकट्या माणसालाही पाठीला भिंत आणि बाजूला उभी गाडी एवढी खिंड कुठेही मिळते. मात्र भिंतीला पाठ लावून अडकून पडायचं नाही, वाट दिसली की निघायचं.

आमच्या गावात मस्तानीची समाधी आहे. २०१५ च्या त्या सिनेमानंतर शहरातली मंडळी गाड्या घेऊन येतात, फोटो काढतात. ती घोड्यावर बसण्यात आणि भाला चालवण्यात तरबेज होती असं सांगतात. भाला म्हणजे तरी काय, समोरच्याने आपल्याला शिवण्याआधी त्याला लांब ठेवण्याची सोय. येणाऱ्यांच्या मुलींना मी हे सांगतो. त्यांच्या आयांना मी जरा विक्षिप्त वाटत असेन. असो.

मुलींवरून मूळ विषयाकडे येतो. एवढा सगळा विचार मी हौस म्हणून केलेला नाही. आमची नात यंदा शिकायला पुण्यात राहायला गेली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, फोनवर विचारलं, "अण्णा, हिला जुदोला घालू की कराटेला? कुणी म्हणतं मुलींना जुदो बरा, ताकद कमी लागते." मी म्हटलं, ताकद कमी लागते हे समोर एकच जण असेल तोवर. हात धरला, केस धरले, मागून कवळ घातली तर सुटायचं कसं हे जुदोवाले उत्तम शिकवतात, ते शीक म्हणावं. पण जमिनीवर झोपून हात मुरगाळून धरण्याचे जे डाव आहेत ते मॅटवरच ठेव. घोळका असेल तर एक फटका, तोही तळहाताने किंवा कोपराने, वाट उघडण्यापुरता, आणि पळ. पळण्यात कमीपणा मानणारी पिढी आमची होती, तिची तिने करू नये.

पळ असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे २०११ सालचं मुंबईतलं अंबोलीचं प्रकरण असतं. मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला दोन तरुणांनी अडवलं. पहिली झटापट तिथेच मिटली असं वाटलं असेल. पण तो माणूस गेला आणि टोळी घेऊन परत आला, हत्यारं घेऊन. दोघेही तरुण गेले. रस्त्यावर माणसं होती, ती बघत राहिली. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, पण त्याने गेलेले परत येत नाहीत. त्या पोरांनी केलं ते योग्यच होतं, त्यांना नावं ठेवणाऱ्याशी मी बोलणार नाही. पण पहिला एकटा निघून गेला की भांडण संपलं असं समजून तिथेच थांबू नये, एवढं नातीला सांगावंसं वाटतं. तो जातो तो कधी कधी बाकीच्यांना आणायला जातो. तेवढ्या वेळात आपण उजेडात, माणसांत पोचलेलं असावं आणि ११२ फिरवलेला असावा.

आणखी एक गोष्ट, कायद्याची. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वतःच्या बचावाचा हक्क तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी तो ९६ ते १०६ मध्ये होता. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क मात्र तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. खाली पडलेल्याच्या उरावर बसून ठोसे मारणारा माणूस, मग तो पैलवान असो की बॉक्सर, त्या क्षणी बचाव करत नसतो. चुलतभावाच्या गोष्टीत शिवळ आली नसती तर पुढे काय झालं असतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

नातीने शेवटी घराजवळच्या एका वर्गात नाव घातलं. तिला मी एकच प्रश्न तिथल्या सरांना विचारायला सांगितला होता: तिघांना एकदम अंगावर सोडून सराव घेता का? ते म्हणाले, तो पुढच्या टप्प्यात, दोनेक वर्षांनी. तोपर्यंत सुट्टीला आली की आमच्या अंगणात मामेभाऊ तिला धरायला उभे राहतात, आणि तिने तुळशीपासून फाटकापर्यंत न सापडता पोचायचं असतं. दिवाळीत ती दहातून चारदा पोचली. धाकटा मामेभाऊ म्हणतो की चौथ्यांदा तिने चावा घेतला होता आणि तो धरायचा नाही.